तेलात नत्र नसते

गवती चहाच्या तेलाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रलमुळे. चांगल्या तेलात सिट्रलचे प्रमाण 75 ते 85 टक्के भरते. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तिघांखेरीज सिट्रलमध्ये काही नसते आणि तेलातली बाकीची द्रव्येही बहुतेक याच कुळातली असतात. झाडाने हवेतून आणि पाण्यातून जे घेतले तेवढेच तेलात उतरते. शेतकरी पोत्यांनी विकत आणतो ते नत्र, स्फुरद आणि पालाश तेलाच्या डब्यात शोधून सापडणार नाही. ते पाल्यात राहते, पाल्याबरोबर भट्टीत जाते आणि तेल निघाल्यावर उकडलेल्या गवताच्या ढिगात बाहेर पडते. गवती चहाला खत किती द्यावे, असे शेतकरी विचारतात, आणि त्यावर देशभर पुष्कळ प्रयोगही झाले आहेत. पण दिलेले खत तेल काढून झाल्यावर कुठे जाते, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात तो टाळताच येत नाही, कारण खताच्या वाटा कशा बदलतात आणि त्या बदलल्यावर जमिनीचे काय होते, हे या जिल्ह्याने गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांपेक्षा जास्त जवळून पाहिले आहे.

आधी खत या पिकात नेमके काय करते ते पाहू. नत्र दिले की फुटवे वाढतात, पाने लांब आणि गर्द होतात, कापणीनंतर ठोंब लवकर उभा राहतो. हिरव्या पाल्याचे वजन त्यामुळे स्पष्टपणे वाढते. पाल्यातल्या तेलाचा टक्का मात्र नत्राला फारशी दाद देत नाही. ताज्या पाल्यात साधारण 0.3 ते 0.5 टक्के तेल असते. ते वरखाली होते ते मुख्यतः वाणामुळे, पाल्याच्या वयामुळे, ऋतूमुळे आणि कापणीनंतर पाला किती सुकवला त्यामुळे. भर पावसात कापलेल्या लुसलुशीत पाल्याचा उतारा कमी पडतो, उघडीप मिळाली की सुधारतो. सिट्रलचे प्रमाणही खताच्या मात्रेने फारसे हलत नाही. म्हणून खताने हेक्टरी तेल वाढते ते पाला वाढल्यामुळे, आणि ठरावीक मात्रेच्या पुढे पाला वाढण्याचा वेगही मंदावतो. ठिकठिकाणच्या शिफारशी वर्षाला हेक्टरी साधारण 100 ते 150 किलो नत्राच्या आसपास येऊन थांबतात ते यासाठीच. शिवाय जास्तीचा प्रत्येक टन पाला कापावा लागतो, वाहून आणावा लागतो, भट्टीत भरावा लागतो आणि त्याला वाफ द्यावी लागते. हा सगळा खर्च पाल्याच्या वजनावर होतो आणि पैसे तेलाच्या वजनावर मिळतात.

शेतातून विकायचे एक निघावे आणि खताचा अंश दुसऱ्यातच राहावा, हे नगरच्या शेतकऱ्याला नवे नव्हते. तेल्याच्या घाण्यावर हेच घडत असे. करडई, तीळ किंवा भुईमूग गाळला की तेल बाजारात जाई आणि नत्राने भरलेली पेंड मागे राही. खाद्यतेलातही नत्र नसते. पेंड गाईबैलांच्या गव्हाणीत गेली तर शेण होऊन परत येई, नाहीतर सरळ शेतात पडे. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतला. अकोले तालुक्याच्या डोंगराळ पश्चिमेला धो धो पाऊस, तर पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डीकडे दुष्काळाची सवय. या कोरडवाहू मुलखात शेणखत कधीच पुरेसे नव्हते, म्हणून धनगरांचे वाडे शेतात बसवण्याची रीत पडली. मेंढ्या दिवसभर माळावर चरायच्या आणि रात्री शेतात बसायच्या. शेतकरी त्याबद्दल धान्य द्यायचा. माळावरचे सत्त्व लेंड्यांच्या रूपाने शेतात आणणारी ही विचारपूर्वक बसवलेली व्यवस्था होती, आणि तिला केवळ गरिबीची तडजोड म्हणणे अन्यायाचे होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही व्यवस्था ताणली गेली. महात्मा फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरचा कुजलेला पालापाचोळा आणि त्याचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते हे ओळखून ताली आणि बंधारे घालण्याचा आग्रह धरला होता. गुरांना रान बंद करणाऱ्या जंगलखात्यावरचा त्यांचा रागही त्याच विचारातून आलेला आहे. पुढे 1889 ते 1891 या काळात सरकारने बोलावलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होलकर देशभर हिंडले आणि त्यांचा अहवाल 1893 मध्ये निघाला. शेतकऱ्याला खताचे मोल कळत नाही, हा साहेबी समज त्यांनी खोडून काढला. सरपण मिळत नाही म्हणून शेण जाळावे लागते, असे त्यांचे निदान होते. तेलबिया आणि हाडे परदेशी जातात तेव्हा जमिनीचे सत्त्वही जहाजात चढते, हेही त्यांनी पाहिले होते. एक समाजसुधारक, दुसरा विलायतेहून आलेला शास्त्रज्ञ. दोघेही सत्त्व कोणत्या वाटेने गावाबाहेर जाते याचाच माग काढत होते.

त्यानंतर कालवे आले. दारणेचे पाणी गोदावरीच्या कालव्यांनी कोपरगावकडे उतरले, आणि प्रवरेवर ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांना 1926 मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाने बारमाही भरवसा दिला. पाण्यामागोमाग ऊस आला, उसामागोमाग सासवडकडचे माळी बागाईतदार आले, आणि त्यांनी ऊस भरपूर खतावर पोसण्याची आपली रीत सोबत आणली. एरंडी, करंज, करडई, भुईमूग अशा पेंडींच्या गाड्या कालव्याच्या पट्ट्यात रिकाम्या होऊ लागल्या. ज्या पेंडीचे सत्त्व कोरडवाहू शेतात परत जायचे, ते आता बागाईत उसाखाली जाऊ लागले. जिल्ह्याच्या इतिहासातले हे वळण धरणाच्या दगडी भिंतीइतके डोळ्यांत भरत नाही, पण माझ्या मते त्याचे परिणाम तितकेच खोल झाले. पेंडीच्या जोडीला परदेशातून येणारे अमोनियम सल्फेट आले. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला, नीरेच्या खोऱ्यात 1932 मध्ये पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले, आणि उसाला किती नत्र, कोणत्या रूपात, कोणत्या महिन्यात हे काटेकोर मोजले जाऊ लागले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 मध्ये निघाला, तेव्हा खत हे या पट्ट्यातल्या प्रत्येक घराचे गणित झाले होते. आज आडसाली उसाची राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्र, 170 किलो स्फुरद आणि 170 किलो पालाश अशी आहे.

सहकाराने नगरच्या शेतकऱ्याला दिलेली पत आणि मान यांबद्दल मनात आदर ठेवूनच एक गोष्ट सांगायला हवी. साखरेतही नत्र, स्फुरद, पालाश नसते. तीही कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचीच बनलेली आहे. म्हणजे घाण्याचा नियम इथेही चालायला हवा होता: साखर विकावी आणि बाकीचे शेताला परत करावे. तसे झाले नाही. ऊस शेतातून गाडीत, गाडीतून कारखान्यात गेला, आणि तिथे त्याचे सत्त्व फुटून वेगवेगळ्या वाटांना लागले. बगॅस बॉयलरमध्ये जळाला. पालाशाचा मोठा हिस्सा मळीत गेला आणि मळीतून मद्यार्काच्या कारखान्याच्या सांडपाण्यात. स्फुरद प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरणाऱ्या गाळात, अडकले. शेतात उरलेले पाचटही काडी लावून मोकळे व्हायची सवय लागली. ही उणीव दर हंगामात विकतच्या पोत्यांनी भरून काढली गेली. कार्बन मात्र पोत्यात येत नाही, तो निघून गेला तो गेलाच. जादा पाण्याने जमिनी क्षारपड आणि चोपण होण्याचे संकट वेगळे. नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी 1910 मध्येच लिहिले होते, पुढे प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यालाही तेच भोगावे लागले. आता पाचट न जाळता त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो कंपोस्ट कल्चर टाकून ते खोडव्यात कुजवा, असे सांगितले जाते. प्रेसमडचे कंपोस्ट शेतात येते, आणि मळीतले पालाशही खत म्हणून विकत मिळते. घाण्यावर जे आपोआप होत होते, ते अनेक पिढ्यांनंतर योजना आखून आणि पैसे मोजून परत आणावे लागत आहे.

गवती चहाच्या बाबतीत हा इतिहास हाताशी असणे मोलाचे आहे, कारण हे पीक जिल्ह्यात अजून बस्तान बसवण्याच्या अवस्थेत आहे. परसात मोरीच्या पाण्यावर वाढणारा, चहात टाकायचा ठोंब घरोघरी आहे. तेलासाठी लावलेली शेते त्या मानाने थोडी. राहुरीच्या विद्यापीठात औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम चालते, आणि 2017 पासून केंद्राच्या सुगंध अभियानामुळे अशा पिकांकडे कोरडवाहू शेतकऱ्यांचे लक्ष गेले आहे. त्यांना हे पीक सांगितले जाते ते बहुधा एका आश्वासनासह: जनावरे तोंड लावत नाहीत, रोग फारसा नाही, आणि गवतच असल्याने खत लागत नाही. यातले पहिले खरे, दुसरे बऱ्याच अंशी खरे, तिसऱ्याची मात्र तपासणी करायला हवी.

खत लागत नाही म्हणणाऱ्यांच्या बाजूने इतिहासाचा एक पुरावा आहे खरा. गवती चहाचे भाऊबंद असलेले रोशा गवत खानदेशच्या डोंगरांत आपसूक उगवायचे, आणि ओढ्याकाठी भट्ट्या लावून त्याचे तेल काढले जायचे. हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानपर्यंत जाई आणि तिथल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. त्या गवताला कोणी खत घातले नव्हते. दक्षिणेत त्रावणकोरच्या टेकड्यांवरचे गवती चहाचे तेलही असेच. 1893 मध्ये टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सिट्रलपासून व्हायोलेटच्या फुलांच्या वासाचे आयोनोन बनवले, आणि त्या टेकड्यांवरच्या तेलाला जगाची बाजारपेठ मिळाली. पुढे जीवनसत्त्व ‘अ’ कृत्रिमरीत्या बनवतानाही हेच रसायन कामी आले. पण त्या दोन्ही ठिकाणी कापणी कशी होई ते पाहिले पाहिजे. रोशा वर्षातून एकदा, फुलोऱ्याच्या सुमारास कापायचे. डोंगर मोठा, गवत विरळ, पानगळ आणि गुरांचे शेण तिथेच पडायचे. त्रावणकोरकडे उन्हाळ्यात जुने ठोंब जाळून पहिल्या पावसावर नवी फूट घ्यायचे, म्हणजे राख तरी जागेवर राही. तिथल्या ओडक्कलीला 1951 मध्ये खास या गवतासाठी संशोधन केंद्र निघाले आणि लागवडीचे पीक म्हणून त्याचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा खताचा प्रश्न ओघानेच पुढे आला. वर्षातून तीन-चार कापण्या आणि सलग चार-पाच वर्षे तोच ठोंब, अशी मागणी केली की रानचे गवत रानचे राहत नाही.

ढोबळ हिशोब मांडून पाहू. हेक्टरी वर्षाला 25 टन हिरवा पाला निघाला आणि उतारा 0.4 टक्के मिळाला, तर 100 किलो तेल हाती येते. त्या पाल्यातले पाणी वजा केले तर कोरडा भाग सुमारे 7 टन, आणि त्यात एक टक्का नत्र धरले तरी 70 किलो नत्र शेतातून उचलले गेले. पालाश निदान तेवढेच, बहुधा जास्त. खत न घालता पाच वर्षे हा उपसा चालू ठेवला तर नगरच्या उथळ, मुरमाड जमिनीत ठोंब खंगणारच. पहिल्या-दुसऱ्या वर्षी पीक छान दिसते ते जमिनीच्या साठवणीवर. पण याच हिशोबाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. विकलेल्या 100 किलो तेलात या 70 किलोंपैकी नत्र जवळपास काहीच नाही. ते जवळजवळ सगळे भट्टीशेजारच्या ढिगात आहे. तो ढीग शेतात परतला तर बाहेरून आणायचे खत पहिल्या वर्षानंतर कमी कमी करत नेता येते. परतला नाही तर शिफारशीची मात्रा दरवर्षी पुरी द्यावी लागते, आणि तरीही जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटत जातो. शिफारशीच्या तक्त्यात एकच आकडा छापलेला असतो. ढिगाचे पुढे काय होते त्यानुसार खरे तर तिथे दोन आकडे लागतील.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप सरपणाचा आहे. भट्टी चालवायला जळण लागते, आणि वाळवलेले उकडलेले गवत हे फुकटचे, हाताशी असलेले जळण आहे. ते शेतात घातले तर लाकूड विकत आणावे लागेल, आणि तेलाचा भाव पडला की तेवढा खर्चही जड जातो. हा आक्षेप खोटा नाही. व्होलकरांनी शेणाबद्दल जे पाहिले तेच इथे पुन्हा घडते आहे, आणि शेतकऱ्याला दोष देऊन ते सुटणार नाही. गवत जळाले की नत्र हवेत जाते. स्फुरद आणि पालाश राखेत उरते. पण नगरच्या जमिनी आधीच चुनखडीयुक्त आणि विम्लाकडे झुकलेल्या, तिथे राख भरभरून टाकणेही बरे नाही. मार्ग जळणाच्या बाजूनेच काढावा लागेल. भट्टीची चूल आणि बॉयलर चांगला असला, पाला थोडा सुकवून भरला, तर जळण बरेच वाचते. आणि जिल्ह्याच्या ओढ्यानाल्यांत माजलेली वेडी बाभूळ ही तोडावी तितकी फुटणारी, कोणाच्याही शेताचे सत्त्व न नेणारी सरपणाची सोय आहे. ढिगातले थोडे गवत जाळावेच लागले तर तो नाइलाज समजता येईल. सगळाच ढीग चुलीत घालण्याची रीत पडली, तर ऊसपट्ट्यात पाचटाचे जे झाले त्याचीच ती पुनरावृत्ती ठरेल.

दुसरा आक्षेप असा की अनुदानामुळे युरियाची 45 किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, मग ढीग उपसण्याची मजुरी का सोसावी? एकट्या नत्राचा विचार केला तर हे गणित बिनतोड दिसते. पण युरियात पालाश नसते, आणि आपला देश पालाशाचे खत जवळजवळ सगळे बाहेरून आणतो. चुनखडीच्या जमिनीवर युरिया नुसता फेकला तर त्यातले नत्र अमोनिया होऊन उडते, हेही विसरता येत नाही. शिवाय उसाच्या कारखान्यासारखे अंतर इथे आड येत नाही. गवती चहाचा पाला इतका अवजड आणि त्यातले तेल इतके थोडे की तो लांब वाहून नेणे परवडतच नाही. भट्टी शेतावर किंवा गावातच लागते. रिकामी गाडी शेताकडे परतताना ढीग घेऊन जाऊ शकते. कारखान्याचे सत्त्व परत आणायला नगरला इतकी वर्षे लागली ती मुख्यतः शेत आणि कारखाना दूर असल्याने. ही अडचण या पिकात मुळातच नाही.

सेंद्रिय शेतीच्या आग्रही मंडळींशीही थोडा मतभेद नोंदवावासा वाटतो. शेणखत, गांडूळखत घातले की तेलाचा टक्का आणि वास एकदम वाढतो असे सांगितले जाते. टक्क्यावर वाण, वय आणि हवामान यांची पकड इतकी घट्ट आहे की खताचा प्रकार बदलून तिथे मोठी उडी मिळेल असे मला वाटत नाही. लागवडीच्या वेळी आणि पहिल्या वर्षी मोजके रासायनिक नत्र कापण्यांनंतर विभागून देण्यात काही वावगे नाही. उकडलेल्या गवताचा कैवार मी घेतो तो सत्त्वाचा हिशोब पुरा व्हावा म्हणून.

हा ढीग नुसता शेतात लोटून मात्र भागत नाही. उकडलेल्या गवतात कर्ब भरपूर आणि नत्र त्या मानाने थोडे, त्यामुळे कच्चेच मातीत गाडले तर कुजवणारे जिवाणू पिकाच्या तोंडचे नत्र ओढून घेतात आणि ठोंब काही आठवडे पिवळा पडतो. हा अनुभव आला की शेतकरी पुन्हा काडीपेटीकडे वळतो. ठोंबांच्या ओळींमध्ये जमिनीवर आच्छादन म्हणून पसरले तर हा धोका टळतो, ओल टिकते आणि तण दबते. पारनेर-कर्जतच्या पावसात हा फायदा खताइतकाच मोठा आहे. नाहीतर शेणकाला, थोडा युरिया आणि कंपोस्ट कल्चर टाकून खड्ड्यात कुजवावे, किंवा गांडुळांच्या हवाली करावे. लखनौच्या सिमॅप संस्थेत तेल काढलेल्या पाल्याचे आच्छादन आणि गांडूळखत या दोन्हींवर काम झालेले आहे. ज्या भट्टीत पाला थेट पाण्यातच उकळतात तिथे पालाशाचा काही भाग त्या पाण्यात उतरतो. ते निवलेले पाणी नालीत न सोडता खड्ड्यावर शिंपडले तर तोही हिशोबात राहतो.

आणि नगरच्या चुनखडीत लोहाचा प्रश्न येतोच. उसावर दिसणारा केवडा इथल्या शेतकऱ्याला चांगला ओळखता येतो: कोवळी पाने शिरांमधून पिवळी, पुढे पांढुरकी. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. गवती चहाही गवतच आहे, आणि अशा जमिनीत तोही पिवळा पडतो. पिवळेपणा दिसला की युरियाची आणखी एक मूठ टाकण्याची सवय आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी ती वाया जाते. नत्राच्या कमतरतेने आधी जुनी, खालची पाने पिवळी होतात, लोहाच्या कमतरतेने नवी, वरची; एवढे पाहून निदान करता येते. लोह कमी असेल तर फेरस सल्फेट सरळ मातीत न टाकता चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून काही दिवस मुरवून द्यावे, म्हणजे चुन्याच्या तडाख्यातून ते काही काळ वाचते. त्यासाठी कुजलेले खत लागते, आणि गवती चहाच्या शेतकऱ्याला ते विकत आणण्याची गरज नाही.